चौदाव्या दिवसाचें टपाल

नाशिकच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे धाकटे दीर गेलीं सहा वर्षें इंग्लंडांत लेस्टर येथें सहकुटुंब नोकरीस आहेत. एका रविवारीं मंडळी समुद्रावर जावयास निघाली असतां गाडीचा वेग मर्यादेहून अधिक झाल्याचें रस्त्याकांठच्या कॅमेऱ्यानें टिपलें, आणि त्याबद्दलची पोलिसांची नोटीस घरीं आली ती सतराव्या दिवशीं. नोटिशीवरील तारीख मात्र सहाव्या दिवसाची. मधले अकरा दिवस तें पाकीट कोणत्या थैलींत निजलें होतें तें टपालवालेच जाणोत. भगिनी लिहितात, "भाऊजी म्हणतात, चौदा दिवस उलटल्यावर आलेली नोटीस म्हणजे रद्दीचा कागद, फाडून टाकतों. जाऊबाई म्हणतात, फाडूं नका, माझा परवाना कोरा आहे, गाडी मीच चालवीत होतें असें लिहून देतें. इकडे सासूबाईंना झोंप नाहीं. गुरुजी, आपलें काय मत?"

आम्ही वकील नव्हों. सारें आयुष्य शाळेंत शब्दरूपें आणि धातु घोकून घेण्यांत गेलें. परंतु कायदा झाला तरी तो शब्दांचाच बनलेला असतो, आणि शब्दाचा अर्थ लावणें हा तर आमचा जुना धंदा. म्हणून मूळ कायदा मागवून वाचला. वाचल्यावर आमचें मत असें झालें कीं दिरांचें म्हणणें अर्धें खरें आहे, आणि जाऊबाईंचें म्हणणें मायेचें असलें तरी पुरतें घातक आहे. दोन्हींचा विचार सविस्तर करावयास हवा, कारण विलायतेंत मुलेंबाळें नाहींत असें घर आपल्या वाचकांत आतां विरळाच. आणि ज्यांचें कोणी तेथें नाहीं त्यांच्या दारांतल्या गाडीलाहि याच कायद्याचें भावंड लागू आहे.

इंग्लंडांत मोटारीचा वेग हा भांडणाचा विषय जवळजवळ मोटारीइतकाच जुना. १९०३ च्या कायद्यानें ताशीं २० मैलांची मर्यादा घातली, आणि कुंपणाआड घड्याळ घेऊन बसलेला पोलीस व त्याला चुकविणारा मोटारवाला यांचा लपंडाव सुरू झाला. पुढें सापळा आहे अशी सूचना मोटारवाल्यांना देण्यासाठींच १९०५ सालीं तेथें ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली. आज ती वाटेंत बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी म्हणून प्रतिष्ठा पावली आहे. प्रतिष्ठितांचें बाळपण फार खोदूं नये हें खरें. १९३० च्या रोड ट्रॅफिक अॅक्टानें खासगी मोटारींवरील ती सर्वसाधारण मर्यादा काढूनच टाकली, आणि १९३५ पासून वस्तीच्या भागांत ३० मैलांची मर्यादा पुन्हां आली. पण त्याच १९३० च्या कायद्यांत एक कलम असें घातलें गेलें कीं त्याचा गाभा अजून टिकून आहे. अतिवेगाबद्दल किंवा बेफाम हांकण्याबद्दल एखाद्यावर खटला चालवावयाचा, तर त्याला त्याच वेळीं जागेवर तशी ताकीद दिलेली असावी. अथवा चौदा दिवसांच्या आंत समन्स बजावलेलें असावें. अथवा चौदा दिवसांच्या आंत, खटला भरण्याचा विचार आहे अशी नोटीस त्याला किंवा गाडीच्या नोंदलेल्या मालकाला दिलेली असावी. यांपैकीं कांहींच झालें नसेल तर त्याला दोषी ठरवितां येणार नाहीं.

ही मुदत कशासाठीं? चोरी करणाऱ्याला आपण चोरी केली हें ठाऊक असतें. मारामारी करणाऱ्यालाहि तें सांगावें लागत नाहीं. अतिवेगाचा गुन्हा निराळ्या जातीचा आहे. गाडी हांकणारा मुलांशीं बोलत असतो, समोरचें वळण पाहात असतो, आणि ३० ची मर्यादा असतां आपण ३८ नें गेलों हें त्याच्या गांवींहि नसतें. त्याला आपला बचाव करावयाचा तर तो दिवस, ती वेळ, तो रस्ता, शेजारीं कोण बसलें होतें, मर्यादेची पाटी झाडांत झांकली होती काय, हें सारें आठवलें पाहिजे. चार महिन्यांनीं विचारलें तर कोणाला आठवणार? आपण गेल्या महिन्यांतल्या दुसऱ्या मंगळवारीं सकाळीं दहा वाजतां कोठें होतों, हें वाचकांनीं क्षणभर आठवून पाहावें. तेव्हां आरोप करणाऱ्यानें स्मृति ताजी असतांच आरोप सांगावा, एवढीच या कलमाची मागणी. ही गुन्हेगाराला दिलेली पळवाट आहे असें कांहीं लोक समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. सरकार आणि एकटा माणूस यांच्या झगड्यांत सरकारच्या हातीं कॅमेरा असतो, वही असते, नोकर असतात. माणसाच्या हातीं फक्त त्याची आठवण असते.

आतां दिरांच्या प्रश्नाकडे वळूं. सध्यां इंग्लंडांत याविषयीं १९८८ चा रोड ट्रॅफिक ऑफेंडर्स अॅक्ट लागू आहे, आणि त्याच्या पहिल्याच कलमांत हा चौदा दिवसांचा नियम आहे. तेथें नोटीस चौदा दिवसांत 'बजावलेली' असली पाहिजे असें म्हटलें आहे. नुसती 'धाडलेली' असावी असें म्हटलेलें नाहीं. प्रत्येक धातूच्या अर्थांत व्यापार आणि फल असे दोन अंश असतात, हें व्याकरण शिकलेल्यांना सांगावयास नको. पोलिसांनीं पत्र लिहिलें, पत्ता घातला, पेटींत टाकलें, हा झाला व्यापार. तें मालकाच्या घरीं पोंचलें, हें फल. 'धाडणें' म्हटलें कीं व्यापारानें काम भागतें. 'बजावणें' म्हटलें कीं फल हवें. सारा वाद या दोन क्रियापदांच्या मध्यें उभा आहे.

पूर्वीं ही नोटीस रजिस्टर टपालानें जात असे, आणि त्या मार्गानें गेलेली नोटीस कोणाला मिळाली नाहीं, किंवा परत आली, तरी ती बजावली गेली असेंच कायदा मानीत असे, आजहि मानतो. मात्र तेथेंहि चलाखी चालत नाहीं. चौदाव्या दिवशीं पत्र टपालांत टाकलें, म्हणजे तें मुदतींत पोंचणें शक्यच नव्हतें, अशा एका प्रकरणांत १९७२ सालीं न्यायालयानें ती नोटीस धरली नाहीं. पुढें १९९४ मध्यें साध्या पहिल्या वर्गाच्या टपालानेंहि नोटीस धाडण्याची मुभा झाली. तिचा खर्च कमी, आणि कॅमेरे वाढल्यावर नोटिशींची संख्या अफाट. पोलिसांनीं ती वाट धरली यांत नवल नाहीं. परंतु साध्या टपालाला रजिस्टर टपालाचें कवच नाहीं. तेथें न्यायालय एवढेंच गृहीत धरतें कीं टपाल नेहमींच्या क्रमानें, म्हणजे सामान्यतः कामाच्या दुसऱ्या दिवशीं, पोंचलें असावें. आणि हें गृहीत 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच' टिकतें.

विरुद्ध सिद्ध झाल्याचें एक प्रकरण प्रसिद्ध आहे. हंबरसाइडच्या पोलिसांनीं एका मोटारवाल्याला साध्या टपालानें नोटीस धाडली. धाडली ती वेळेंत. परंतु टपालवाल्यांचा संप होता, आणि पत्र पोंचलें तें घटनेनंतर सोळाव्या दिवशीं. खालीं तो दोषी ठरला. तो लंडनच्या हायकोर्टापर्यंत गेला, आणि २००९ सालीं त्या न्यायालयानें त्याची शिक्षा रद्द केली. पोलिसांकडून चूक झाली नव्हती, त्या माणसाकडूनहि झाली नव्हती, आणि गाडी वेगांत होती कीं नव्हती हा प्रश्नच उरला नाहीं. नोटीस चौदा दिवसांत पोंचली नाहीं हें सिद्ध झालें, बस्स. २०२२ च्या उत्तरार्धांत तेथें टपालवाल्यांचे पुन्हां लागोपाठ संप झाले, तेव्हां या निकालाची आठवण पुष्कळांना झाली असेल.

म्हणजे भाऊजी म्हणतात तें खरें? येथवर खरें. पुढें मात्र सावध राहिलें पाहिजे.

पहिली गोष्ट, उशीर सिद्ध करण्याचा भार मोटारवाल्यावर आहे. नोटीस वेळेंत मिळाली असेंच न्यायालय धरून चालतें. 'मला उशिरां मिळाली' एवढ्यानें भागत नाहीं; पाकीट हवें, त्यावर टपालाचा शिक्का असेल तर तो हवा, तें दारांतून कोणी उचललें व कोणत्या दिवशीं, याची साक्ष हवी. आपल्याकडे पत्र फोडतांच पाकिटाचे दोन तुकडे करून त्यांवर वाण्याची यादी लिहावयाची, ही आमच्या घरांतलीहि जुनी काटकसर. परंतु सरकारी पत्राचें पाकीट हें पत्राचाच भाग समजावें. तें जपावें, आल्याची तारीख त्यावर लिहावी, त्याच दिवशीं फोटो काढावा. नाशिकच्या भगिनींनीं जाऊबाईंना प्रथम हेंच विचारावें, कीं पाकीट आहे ना? त्यांच्या पत्रांत त्याचा उल्लेख नाहीं, आणि आम्हांस धास्ती वाटते ती तेवढ्याचीच.

दुसरी गोष्ट दिवसांच्या मोजणीची. घटनेचा दिवस सोडून पुढचे चौदा दिवस मोजतात. आणि ही मुदत फक्त पहिल्या नोटिशीला आहे, जी नोंदलेल्या मालकाकडे जाते. गाडी कंपनीची असली, किंवा भाड्यानें घेतलेली असली, तर पहिलें पत्र कंपनीकडे जातें; तिनें नांव कळविल्यावर हांकणाऱ्याला दुसरें पत्र येतें तें महिन्यानें आलें तरी चालतें. परगांवीं नव्यानें गेलेलीं आपलीं मुलें नेमकीं येथें फसतात. पत्र चाळिसाव्या दिवशीं आलें म्हणून हंसतात, आणि मग रडतात. मालकाचा पत्ता वाजवी खटपटीनेंहि वेळेंत कळूं शकला नाहीं, किंवा मालकाच्याच वागण्यामुळें विलंब झाला, तर मुदतीचा आधार घेतां येत नाहीं. पोलिसानें जागेवर थांबवून सांगितलें असेल तर लेखी नोटीस लागतच नाहीं. आणि त्याच वेळीं त्या गाडीमुळें अपघात झाला असेल तर हें कलमच लागू नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाकिटांत बहुधा दोन कागद असतात आणि वाचणारा ते एकच समजतो. एक कागद म्हणतो, आम्ही खटला भरण्याचा विचार करीत आहों. दुसरा विचारतो, त्या वेळीं गाडी कोण चालवीत होतें तें अठ्ठावीस दिवसांत कळवा. पहिला कागद उशिरां आल्यानें लंगडा झाला तरी दुसरा आपल्या पायांवर उभा असतो. तो निराळ्या कायद्याच्या १७२ व्या कलमाखालीं येतो आणि त्याला चौदा दिवसांची अट नाहीं. साध्या अतिवेगाला बहुधा १०० पौंड दंड आणि परवान्यावर तीन दोषगुण असें ठरीव प्रायश्चित्त असतें. कित्येकदां एक शिकवणीवर्ग करून तेवढ्यावर सुटतां येतें. नांव न कळविण्याला मात्र सहा दोषगुण आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. तीन वर्षांत बारा दोषगुण झाले कीं सामान्यतः परवाना जातो. म्हणजे कागद फाडून टाकणारा मूळ गुन्ह्यापेक्षां दुप्पट मोठा खड्डा स्वतःच खणतो. आपणच आपल्याविरुद्ध कबुली देणें हें न्यायाला धरून आहे काय, असा वाद कांहींजणांनीं युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला. २००७ मध्यें स्ट्रासबर्ग येथें निकाल लागला कीं मोटार बाळगणारा माणूस तिच्याबरोबर येणारी जबाबदारीहि पत्करतो, आणि हें विचारणें अन्यायाचें नाहीं.

म्हणून दिरांनीं काय करावें? हांकणाऱ्याचें खरें नांव मुदतींत कळवावें, आणि नोटीस सतराव्या दिवशीं मिळाली हें पुराव्यासह वेगळें लिहावें. पोलीस ऐकतील तर ठीक. न ऐकले तर ठरीव दंड नाकारून मॅजिस्ट्रेटपुढें उभें राहावें लागेल, आणि तेथें हरल्यास दंड वाढेल, खर्चहि अंगावर येईल. पाकीट हातीं असेल व साक्ष भक्कम असेल तरच त्या वाटेला जावें. आणि जाण्यापूर्वीं तेथल्या वकिलाला विचारावें, पुण्याच्या निवृत्त मास्तराला नव्हे.

आतां जाऊबाई. त्यांची भावना आम्ही समजतों. नवऱ्याच्या परवान्यावर आधींच दोषगुण असतील, नोकरीला गाडी लागत असेल, मग माझ्या कोऱ्या परवान्यावर तीन पडले म्हणून काय बिघडलें, असा घरगुती हिशेब. आपल्या एकत्र कुटुंबांत तर हें अंगवळणीं पडलें आहे. धाकट्यानें बरणी फोडली तर मोठी बहीण पुढें होते. काकांचें कर्ज पुतण्या फेडतो. आणि अशा माणसाचें घरांत कौतुकच होतें. परंतु घरांत ज्याला त्याग म्हणतात त्याला तेथील न्यायालय न्यायाच्या मार्गांत आणलेलें विघ्न म्हणतें, आणि त्याची शिक्षा दंडाची नव्हे, तुरुंगाची आहे.

इंग्लंडांतील ख्रिस ह्यून या राजकारणी गृहस्थाची गोष्ट यासाठींच सांगण्यासारखी आहे. २००३ च्या मार्च महिन्यांत त्याची गाडी लंडनकडे येणाऱ्या एम-११ महामार्गावर अतिवेगांत कॅमेऱ्यानें टिपली. तेव्हां तो युरोपीय पार्लमेंटचा सभासद होता. परवाना जाण्याची वेळ आली म्हणून त्याची पत्नी विकी प्राइस, जी स्वतः नांवाजलेली अर्थशास्त्रज्ञ, तिनें गाडी आपण चालवीत होतों असें कळविलें आणि दोषगुण आपल्यावर घेतले. गंमत अशी कीं त्याच वर्षीं गाडी हांकतां हांकतां टेलिफोनवर बोलल्याबद्दल त्याचा परवाना गेलाच. पुढें तो मंत्री झाला. संसार मोडला. २०११ मध्यें ही जुनी गोष्ट वर्तमानपत्रांत आली; २०१२ मध्यें त्याला मंत्रिपद सोडावें लागलें; आणि २०१३ च्या मार्चमध्यें, मूळ घटनेनंतर बरोबर दहा वर्षांनीं, दोघांनाहि प्रत्येकीं आठ महिन्यांची कैद झाली. पत्नीनें बचाव मांडला कीं पतीच्या दडपणानें आपण तसें लिहिलें. पत्नीसाठीं असा बचाव तेथील कायद्यांत तेव्हां होता. ज्यूरीनें तो मानला नाहीं, आणि दुसऱ्याच वर्षीं पार्लमेंटनें तो बचावच कायद्यांतून काढून टाकला. तीन दोषगुणांपायीं दोन बुद्धिमान माणसें तुरुंगांत गेलीं.

ऑस्ट्रेलियांत तर मार्कस आइनफेल्ड नांवाच्या निवृत्त न्यायाधीशानें ७७ डॉलरांचा दंड चुकविण्यासाठीं शपथेवर सांगितलें कीं गाडी आपली एक स्नेही चालवीत होती. ती स्नेही तीन वर्षांपूर्वींच वारली होती असें निघालें. २००९ मध्यें त्यालाहि तीन वर्षांची शिक्षा झाली. आयुष्यभर इतरांच्या शपथा तोलणाऱ्याची ही गत.

तेव्हां जाऊबाईंना भगिनींनीं कळवावें, कीं बाई, माया स्वयंपाकघरांत ठेवा, त्या फॉर्मावर नको. कोण हांकत होतें हें खरोखरच आठवत नसेल, प्रवासांत दोघांनीं आळीपाळीनें हांकलें असेल, तर फोटो मागवून पाहावा, पेट्रोलची पावती शोधावी, आणि एवढें करूनहि उलगडा न झाल्यास काय काय शोधलें तें सविस्तर लिहावें. मालकानें वाजवी खटपट केली होती असें दिसल्यास कायदा त्याचा विचार करतो.

आतां आपल्या घराकडे येऊं. १९३० च्या इंग्रजी कलमाची सांवली आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या २०९ व्या कलमांत जशीच्या तशी पडली आहे, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं. अतिवेग (कलम १८३) आणि धोकादायक हांकणें (कलम १८४) यांबद्दल दोषी ठरवावयाचें तर जागेवर ताकीद, किंवा चौदा दिवसांत नोटीस, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स, यांपैकीं एक हवें. अपवादहि तेच, पत्ता न कळण्याचा आणि आरोपीच्या स्वतःच्या वागण्याचा. परंतु क्रियापद पाहावें. आपल्या कलमांत नोटीस 'बजावलेली किंवा रजिस्टर टपालानें धाडलेली' असें आहे. विलायतेनें पुढें सोडलेला जुना शब्द आपण जपून ठेवला. त्यामुळें टपालाच्या उशिराचा जो फायदा हंबरसाइडच्या माणसाला मिळाला तो नाशिकच्या माणसाला सहजासहजीं मिळावयाचा नाहीं. येथें रजिस्टर टपालानें धाडण्याच्या व्यापारानेंच काम भागतें, फलाची वाट पाहावी लागत नाहीं. आणि ज्या रजिस्टर टपालाचा कलमांत उल्लेख तें स्वतंत्र रजिस्टर टपालच २०२५ सालीं टपालखात्यानें स्पीड पोस्टांत विलीन केलें! कायद्यांतले शब्द जगाच्या मागून किती सावकाश चालतात याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांला तरी सांपडलें नाहीं.

दरम्यान आपल्याकडे पत्राची जागा मोबाइलच्या संदेशानें घेतली. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें कॅमेऱ्यांविषयीं नियम केले. त्यांत नोटीस पंधरा दिवसांत धाडावी, उपकरणाला मान्यतेचें प्रमाणपत्र असावें, कॅमेरा आहे अशी पाटी आधीं लावावी, चलनासोबत गाडीच्या क्रमांकाचा स्पष्ट फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ व जागा द्यावी, अशा अटी घातल्या. हे नियम वरचेवर बदलत असतात, म्हणून हातीं आलेल्या चलनावरची मुदत व तक्रारीची रीत बारकाईनें वाचावी. चूक वाटल्यास महाराष्ट्र पोलिसांच्या वाहतूक संकेतस्थळावर किंवा अॅपवर फोटो उघडून पाहावा. दुसऱ्याच गाडीचा क्रमांक आपल्या नांवावर चढल्याचीं उदाहरणें आहेत. न्यायालयांत जाण्याचा प्रसंग आला तर वकिलाला २०९ व्या कलमाची आठवण द्यावी. मोबाइलचा संदेश म्हणजे बजावणी काय, हा वाद घालण्यासारखा आहे. मात्र चलनाचा संदेश म्हणून जी फाइल उघडावयास सांगतात ती घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं मुळींच उघडूं नये. असल्या खोट्या चलनांनीं बँकेतले पैसे गेल्याचे प्रकार पुष्कळ झाले आहेत.

हांकणाऱ्याचें नांव सांगण्याची मालकावरील जबाबदारी आपल्या कायद्यांतहि आहे. तें कलम १३३. आपल्या घरांत गाडी आजोबांच्या नांवावर, किल्ली खुंटीवर, आणि हांकणारे पांच. कोणी केव्हां नेली हें कोणालाच सांगतां येत नाहीं. किल्लीच्या खुंटीशीं एक वही टांगून नेणाऱ्यानें नांव व वेळ लिहावी, ही सूचना आम्हीं आमच्या घरीं केली तेव्हां नातवंडें हंसलीं. वही मात्र चालू आहे. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाला किल्ली मिळाली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक व मालक यांवर तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, हें त्याच वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं लिहून ठेविलें आहे.

शेवटीं पत्त्याविषयीं. नोटीस जाते ती गाडीच्या नोंदणीपुस्तकांत जो पत्ता व जो फोन क्रमांक असेल तेथें. वाड्यांतून सदनिकेंत राहावयास येऊन दहा वर्षें झालीं तरी पुस्तकांत वाडाच असतो. पत्ता बदलल्यास तीस दिवसांत कळवावें असें कायद्याचें ४९ वें कलम सांगतें. गाडी विकली असेल तर विकणाऱ्यानें, राज्यांतल्या राज्यांत असल्यास, चौदा दिवसांत कळवावयाचें असतें. नाहीं तर दुसऱ्याच्या वेगाचीं चलनें आपल्या फोनवर येत राहतात. आणि मालक वारला असेल, तर वारसानें तीस दिवसांत नोंदणी कचेरीला सांगावें आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नांवावर करून घ्यावी. आमच्या ओळखीच्या एका घरीं वडिलांना जाऊन चार वर्षें झालीं, आणि त्यांच्या नांवें अजून चलनें येतात. तीं कोणीं भरावयाचीं यावरून दोघां भावांत सध्यां बोलणें नाहीं.